टायमिंग पट्टा तुटला? सेल्फ मारू नका!

मिरची भरून नंदुरबारच्या बाजाराला निघालात आणि चढावर ऑम्नी एकाएकी बंद पडली, तर आधी चाकाला दगड लावा. सेल्फवर सेल्फ मात्र मारू नका.

मारुती ८०० बनायची २०१४ साली थांबली, ऑम्नी २०१९ साली. म्हणजे गाडी जुनी, आणि कदाचित पट्टाही जुना! हा दातेरी रबरी पट्टा क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदा फिरवतो. तो तुटला की व्हॉल्व्ह जागीच थांबतात. काही इंजिनांत पिस्टन आपटून ते वाकतात, मग खर्च कितीतरी वाढतो.

ओळखायचे कसे? सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो, पण इंजिन धरत नाही. कार्बुरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढा आणि दुसऱ्याला क्षणभरच सेल्फ मारायला सांगा. आतला रोटर फिरला नाही, तर बहुधा पट्टाच गेला. गाडी न्यूट्रलमध्ये ओढून न्या.

बदलताना मिस्त्रीजवळ उभे राहा:

१. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी.

२. क्रँक आणि कॅम, दोन्ही पुल्यांच्या खुणा जुळवूनच पट्टा चढवावा.

३. टेन्शनर खरखरत असेल किंवा ऑइल सील गळत असेल, तर तेही बदलावे. तेल लागले की नवा पट्टाही टिकत नाही.

४. पान्याने क्रँक हळूच दोन फेरे फिरवावा. अडला तर जोर करू नये. खुणा पुन्हा जुळल्या, तरच सेल्फ मारावा.

पट्टा किती किलोमीटरला बदलला, ते गाडीच्या पुस्तकात लिहून ठेवा. नोंदच नसेल, तर हंगामाआधीच बदला. भरल्या गाडीनिशी रस्त्यात अडकण्यापेक्षा ते स्वस्त पडते!