बंधाऱ्यावरची फुकटची मासळी

रानातली शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्यानं थांबली. नदीकाठच्या हौशी माणसाला उरला तो गळ. पंचगंगेवर मात्र अधूनमधून गळही लागत नाही. इचलकरंजीच्या खाली तेरवाड बंधाऱ्याशी मासे तोंड वर काढून तडफडायला लागले, की लोक पोती आणि बुट्ट्या घेऊन पाण्यात उतरतात आणि हातानंच मासे वेचतात. हे अनेकदा घडलंय. ‘कुणीतरी रसायन सोडलं’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ते कधी खरंही असेल, पण मासे मरायला विषच लागतं असं थोडंच आहे?

पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालतात आणि प्रयाग चिखलीपासून नरसोबावाडीपर्यंतची वाहती नदी तुकड्यातुकड्यांनी तुंबते. त्यात कोल्हापूरचं, गावोगावचं आणि इचलकरंजीच्या काळ्या ओढ्याचं सांडपाणी येऊन मिसळतं. त्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. मुळात कोमट पाण्यात तो कमीच मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. रोहू-कटल्याला चांगलं जगायला पाचेक तरी हवा. दोनच्या खाली गेला की खेळ खलास. रात्री शेवाळही प्राणवायू खातं, त्यामुळे असा घात बहुधा पहाटे होतो.

म्हणून नदीची तब्येत बघायची तर गळाला काय लागतंय ते बघावं. मरळ आणि मांगूर वर येऊन हवेतला श्वास घेतात, घाणीतही तगतात. १९५२मध्ये भारतात आणलेली आफ्रिकेची चिलापीही चिवट. कणकेच्या गोळीला पटकन लागते. खडस मात्र वाहत्या, गोट्यावाळूच्या स्वच्छ पाण्यातला मासा. तुंबलेल्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. नुसत्या चिलाप्या निघत असतील, तर पिशवी भरली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. बंधाऱ्याशी वेचलेले अर्धमेले मासे तर मी घरी नेणार नाही, बाजारात स्वस्त मिळाले तरी.

पंचगंगेकाठचं इचलकरंजी शहर पिण्याचं बरंचसं पाणी मजरेवाडीहून, कृष्णेतून आणतं. त्यातच काय ते आलं.

मासे मेले की ‘बरगे काढा’ अशी मागणी होते. बरगे काढले की तळाचा काळा गाळ ढवळून निघतो आणि तेच पाणी खालच्या शिरोळकडे सरकतं. मग तिथल्या बंधाऱ्यावर बुट्ट्या निघतात.