मिटलेलं कालव

ओहोटीला खडपावर गेलं की कालवं दिसतात ती तोंड मिटलेली. लहानपणापासून मला त्या मिटलेपणाचं कुतूहल आहे. पाणी ओसरतं, ऊन चढतं, खडक पायाला चटके देऊ लागतो, तरी आत तो जीव थेंबभर समुद्र धरून बसलेला असतो. त्या थेंबात काय काय असतं, हे शोधता शोधता मी गेली काही वर्षं प्रयोगशाळांचे अहवाल वाचत बसलो आहे.

त्यातलं सगळ्यात जुनं म्हणजे १९७५ सालचं एक छोटं टिपण. ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’मध्ये ते लिहिलं होतं एडवर्ड गोल्डबर्ग यांनी. कॅलिफोर्नियात ला होया इथे स्क्रिप्स ही सागरविज्ञान संस्था आहे, तिथले हे रसायनशास्त्रज्ञ. समुद्राच्या पाण्यात विष फार विरळ असतं, मोजताना हातून चूक व्हायची भीती. शिनाणे, म्हणजे कालवांसारखेच शिंपले, मात्र एका जागी चिकटून राहतात, पाणी गाळत राहतात आणि त्यातलं विष अंगात हजारो पटींनी साठवतात. मग पाण्याऐवजी शिनाणेच तपासावेत, आणि तेही जगभर, असं गोल्डबर्ग यांचं म्हणणं. त्यातून ‘मसल वॉच’ उभं राहिलं. जड धातू, डीडीटी, पीसीबी, खनिज तेल, किरणोत्सारी द्रव्यं, सगळ्यांची नोंद शिंपल्यांच्या मांसातून होऊ लागली.

मला थांबवलं ते एका योगायोगाने. पृथ्वीला तापवणारा हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८पासून मोजत राहिलेले चार्ल्स कीलिंग हेही स्क्रिप्सचेच. म्हणजे विषाची वही आणि उष्णतेची वही, दोन्ही एकाच संस्थेत लिहिल्या जात होत्या. त्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कालवाचं खरं दुखणं कळत नाही.

तसं वाचणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक इन्ना सोकोलोवा. त्या, गिझेला लान्निग आणि सहकाऱ्यांचा नॉर्थ कॅरोलायनातला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची कालवं त्यांनी २०, २४ आणि २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवली. काहींना स्वच्छ पाणी, काहींच्या पाण्यात लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम कॅडमियम हा जड धातू. हे प्रमाण म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. मात्रा तिन्ही तापमानांना तीच. तरीही पाणी गरम होत गेलं तशी कॅडमियमच्या पाण्यातली कालवं जास्त मेली. आणि २८ अंश म्हणजे काही उकळतं पाणी नव्हे. उन्हाळ्यात ही कालवं तेवढं पाणी सोसतात.

कारण कल्ल्यांपाशी सुरू होतं. कालवाला अंगची ऊब नसते. पाणी जेवढं गरम तेवढं त्याचं शरीर. साधारण दहा अंश वाढले की त्याची प्राणवायूची गरज दुपटीच्या आसपास जाते. नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू कमी होतो. २० अंशाच्या समुद्रात तो लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला जेमतेम ६.२. मग कल्ल्यांवरून जास्त पाणी खेळवावं लागतं आणि पाण्याबरोबर कॅडमियमही जास्त आत येतं. पेशीत ते थेट ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना धरतं. सोकोलोवा यांनी २००४मध्येच दाखवलं होतं की तेवढ्याच कॅडमियमने मायटोकॉन्ड्रियांचं होणारं नुकसान उष्णतेबरोबर वाढतं. खर्च वाढलेला आणि कमाई घटलेली, अशा कात्रीत ते कालव सापडतं. उलट बाजूही तितकीच खरी: विष अंगात असलेल्या कालवाला एरवी सोसवली असती तेवढी उष्णताही सोसवत नाही.

प्रत्येक विषाचं असंच होतं असं नाही. गरम पाण्यात काही द्रव्यं शरीराबाहेरही लवकर टाकली जातात. म्हणून मांसातला आकडा फारसा न वाढता इजा मात्र वाढू शकते. मला हीच गोष्ट सगळ्यात काळजीची वाटते, कारण आपण तपासतो तो मांसातला आकडा.

विषाची मात्रा ठरवणाऱ्या चाचण्यांत तापमान मुद्दाम स्थिर ठेवतात. तुलनेसाठी ते योग्यच. पण पुढे त्या चाचणीतून निघालेली मर्यादा कोष्टकात जाते तेव्हा तापमान मागेच राहतं, आणि ‘सुरक्षित’ हा शब्द एकटा उरतो. माझ्या मते हे चुकीचं आहे, कारण समुद्राचं तापमान स्थिर राहत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी संपादित केलेला अहवाल २०२० साली आला. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे एक अंशाने तापला, असं तो सांगतो. एक अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण आपल्याकडचं पाणी आधीच ऊबदार. उष्ण कटिबंधातले बरेच समुद्री जीव आपल्या सोसण्याच्या वरच्या टोकाजवळच जगत असतात. थंड समुद्रातल्या जिवाइतका वाव त्यांच्याकडे नसतो.

परवा ओहोटीला पुन्हा त्याच खडपावर गेलो होतो. कडेच्या डबक्यात बोट घातलं, पाणी चांगलंच कोमट होतं. डबक्यातलं एक कालव किंचित उघडं होतं. माझी सावली पडताच मिटलं. घातक पाणी आलं तरी ते हेच करतं. पण मिटलेल्या शिंपल्यात प्राणवायू येत नाही, साठवलेल्या शिदोरीवर दिवस काढावे लागतात, आणि गरम पाण्यात ती शिदोरी लवकर सरते. मग बाहेर काहीही असलं तरी त्याला तोंड उघडावंच लागतं.