कारखान्याच्या सर्व्हरसाठी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम

नाशिक जिल्ह्यातल्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम कारखान्यात सर्व्हरकडे मोजकीच कामे असतात: हिशेब, ड्रॉइंगच्या फाइली, हजेरी आणि स्टोअरचा साठा. ही कामे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर उत्तम होतात. विंडोज सर्व्हरसाठी मूळ लायसन्सशिवाय प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा संगणकामागे वेगळे लायसन्स घ्यावे लागते. लिनक्सच्या मुक्त आवृत्त्यांना असे काही लागत नाही. सर्व्हर बसवणाऱ्याची आणि सांभाळणाऱ्याची मजुरी मात्र द्यावीच लागते, आणि ती धरूनच खर्चाचा हिशेब मांडावा.

निवडीची सुरुवात सिस्टिमपासून नव्हे, तर तिच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरपासून करावी. नाशिकच्या बहुतेक हिशेबनिसांच्या हाताखालची टॅली विंडोजवर चालते. तेवढ्यासाठी लिनक्सचा विचार सोडण्याचे कारण नाही. टेबलावरचे संगणक विंडोजचेच ठेवून टॅलीचा डेटा आणि ड्रॉइंगच्या फाइली लिनक्स सर्व्हरवर ठेवता येतात. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास सुरू केलेले सांबा हे सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. समोर बसलेल्याला नेहमीसारखा एक ड्राइव्ह दिसतो, इतकेच. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर तर मुळात लिनक्ससाठीच लिहिलेले आहे. ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारी प्रणाली, बाहेरून घेतली असेल, तर ती देणारा कोणत्या सिस्टिमवर जबाबदारी घेतो, हे आधी लेखी विचारून घ्यावे. त्या यादीबाहेर जाणे म्हणजे पुढच्या प्रत्येक बिघाडाला वादाचे निमंत्रण.

त्यानंतरची कसोटी मुदतीची. सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे बाकी सगळ्या गुणांपेक्षा महत्त्वाचे आहे आणि तेच सर्वांत कमी पाहिले जाते. सेंटओएसची हकिकत यासाठी नीट समजून घ्यावी. रेड हॅटच्या सशुल्क लिनक्सची हुबेहूब पण मोफत आवृत्ती म्हणून सेंटओएस जगभर सर्व्हरवर बसली होती. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार, असे गृहीत होते. ८ डिसेंबर २०२० रोजी ही मुदत ३१ डिसेंबर २०२१ वर आणल्याचे जाहीर झाले. जुन्या सातव्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. मुदत संपलेले सर्व्हर बंद पडत नाहीत, आणि धोका नेमका त्यातच आहे: यंत्र रोज सुरळीत चालते, पण नव्याने सापडलेली एकही फट बुजवली जात नाही. सर्व्हरवर काय बसले आहे, हे ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘ओएस-रिलीज’ या छोट्या फाइलीत नाव आणि आवृत्ती क्रमांकासह लिहिलेले असते. जुन्या सर्व्हरवर ती आधी उघडून पाहावी.

सेंटओएसची जागा भरण्यासाठी २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आल्या. दोन्हींच्या नवव्या आवृत्तीला मे २०३२ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. एकदा बसवून वर्षानुवर्षे न हलवण्याच्या कामाला त्या योग्य. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे मोफत दुरुस्त्या मिळतात. २०२४ ची आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल. १९९३ पासून चालत आलेली डेबियन कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही, स्वयंसेवक ती चालवतात. तिच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे मर्यादित आधार मिळतो. सेंटओएसचे जे झाले ते रेड हॅट या एका कंपनीच्या निर्णयाने झाले, हे लक्षात घेता डेबियनची ही रचना मोठीच जमेची बाजू ठरते. लिनक्सबाहेरची मोफत सिस्टिम फ्रीबीएसडीही भक्कम आहे, पण ती सांभाळणारा माणूस गावात मिळणे अवघड.

माणसाचा हा मुद्दा दुय्यम नाही. रविवारी रात्री सर्व्हर उठला नाही, तर तासाभरात अंबडला पोहोचणाऱ्याला जी सिस्टिम येते, ती कागदावर सरस असलेल्या दुसऱ्या सिस्टिमपेक्षा चांगली. ईआरपीची अट नसेल आणि ओळखीचा जाणकार नसेल, तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने उबुंटू घ्यावी. शिकलेली मुले आणि लिखित मदत तिचीच जास्त सापडते.

पावसाळ्यात लाइट जाते, हे धरूनच सर्व्हर बसवावा. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल पद्धती आपल्या रचनेतल्या बदलांची आधी नोंद करतात, त्यामुळे अचानक बंद पडलेला सर्व्हर बहुधा सावरतो. अर्धवट लिहिलेली हिशेबाची फाइल मात्र वाचेलच असे नाही. म्हणून यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडून ‘नट’ हे मोफत सॉफ्टवेअर बसवावे. बॅटरी संपत आली की ते सर्व्हर रीतसर बंद करते. अनेक ठिकाणी यूपीएस चांगला असतो आणि ही वायर डब्यातच पडून असते.

मोठ्या अपडेटची वेळ धंद्याच्या हंगामावर ठरवावी. दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये जानेवारी ते एप्रिल सर्व्हरला हात लावू नये. आवृत्ती बदलायची ती पावसाळ्यात. सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या मात्र बारा महिने लगेच घ्याव्यात.

कायद्याचेही पाहावे लागते. हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांना २०२२ पासून त्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. लिनक्सवर ‘आरसिंक’ या फाइलींची नक्कल करणाऱ्या साधनाला रात्री दोनची वेळ लावून दिली की तो आपोआप निघतो. महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, कारण रिकामा बॅकअपही रोज वेळेवर निघू शकतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, घड्याळ सरकारी वेळेशी जुळवावे लागते आणि सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी लागते. वर सांगितलेल्या सर्व सिस्टिमवर वेळ आणि नोंदींची सोय आधीपासून असते. १८० दिवसांचा आकडा मात्र बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी घालून घ्यावा.