अर्धशिशी, जनुके आणि प्रतिकारशक्ती

डोके उठले की आपल्या घरांत पहिला संशय पित्तावर. मग मोरावळा, कपाळाला सुंठेचा लेप, अंधारी खोली. अलीकडे मात्र ‘मायग्रेन म्हणजे इम्युनिटीचा बिघाड, तो जीन्समधूनच येतो’ असेही कानावर येते, आणि पाठोपाठ प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या गोळ्यांची शिफारस. यात तथ्य किती? (माझ्या नावामागचे ‘डॉक्टर’ इंजिनिअरिंगचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.)

प्रतिकारयंत्रणेचा संबंध आहे, यात शंका नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. दुखतात ती त्याची आवरणे आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या. तेथे ट्रायजेमिनल नसेचे धागे पसरलेले असतात, आणि शेजारीच मास्ट पेशी, म्हणजे अ‍ॅलर्जीत ज्यांच्यामुळे शिंका येतात त्याच. नस चेतली की सीजीआरपी नावाचे छोटे प्रथिन बाहेर पडते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जंतूंचा पत्ता नसताना दाह सुरू होतो. १९९० साली गोड्सबी आणि एडविन्सन यांनी, झटका चालू असताना रुग्णांच्या मानेतल्या शिरेच्या रक्तात हे प्रथिन वाढलेले असते, असे दाखविले.

जनुकांची गोष्ट जरा निसरडी आहे. २०२२ साली १,०२,०८४ रुग्णांची इतर सुमारे पावणेआठ लाख लोकांशी तुलना करण्यात आली आणि अर्धशिशीशी संबंधित १२३ जागा सापडल्या. सीजीआरपीच्या जनुकांजवळची जागाही त्यांत आहे. पण एकंदर रोख रक्तवाहिन्या आणि मज्जापेशी यांच्याकडे. त्याआधी २०१६ साली मिळालेल्या ३८ जागांपैकी एक सहाव्या गुणसूत्रावर, थेट प्रतिकारयंत्रणेच्या जनुकांच्या वसाहतीत होती. मात्र तिच्या लगतचे जनुक नॉच-४, आणि त्याचे काम रक्तवाहिन्यांच्या वाढीशी निगडित! त्या वसाहतीतली जनुके पिढ्यान्‌पिढ्या गठ्ठ्यानेच पुढे जातात. प्रोग्रॅमच्या दहा ओळी नेहमी एकत्रच कॉपी होत असतील, तर दोष नेमका कुठल्या ओळीत आहे हे नुसत्या प्रती मोजून कळत नाही. गल्ली सापडली, घर नाही.

तेव्हा प्रतिकारशक्ती ‘कमी’ म्हणून डोके दुखते, असे यातून मुळीच निघत नाही. त्या गोळ्यांचे पैसे वाचवावेत.

प्रतिकारयंत्रणेचा खरा उपयोग औषधाच्या बाजूने झाला. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एरेनुमॅब ही एक अँटिबॉडी आहे. सीजीआरपी पेशीवर ज्या कुलपाला लागते, ते कुलूपच ती अडवून धरते. ती प्रतिकारशक्ती दाबत नाही, हे घाबरणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो.

थुंकी पाठवून घरबसल्या जनुकतपासणी करण्याचा मोह आपल्याकडे बऱ्याच जणांना होतो. पण वरील संशोधनातले लोक बहुतांशी युरोपीय वंशाचे; त्यावरून काढलेला धोक्याचा आकडा आपल्या मुलांना कितपत लागू पडेल याचा भरवसा नाही. त्यापेक्षा स्वस्त चाचणी फोनवर होते. डॉक्टरांच्या फॉर्मवर घराण्यात मायग्रेन आहे का, या प्रश्नाला आपण बेधडक ‘नाही’ लिहितो, कारण घरात तो शब्द कधी कोणी वापरलेलाच नसतो. आईला विचारा: तुझे ते पित्त उठायचे, तेव्हा अर्धेच डोके ठणकायचे का? उजेड नकोसा व्हायचा का? उलटी झाली की बरे वाटायचे का? आणि मावशीचे काय?