जिंकले कोण? मुष्टियुद्धातील पंचांचा निवाडा

गावच्या जत्रेतली कुस्ती तुम्ही पाहिलीच असेल. हलगी वाजत असते, तांबड्या मातीत दोन मल्ल भिडलेले असतात, आणि एकाची पाठ मातीला लागली की सारा फड एकदम उठून उभा राहतो. निकाल कुणी सांगावा लागत नाही. झाडाच्या फांदीवर बसलेल्या पोरालासुद्धा तो कळतो. पण तीच कुस्ती गुणांवर गेली, की मग बघा! पारावर महिनाभर वाद चालतो. कुणी म्हणतो, अमक्यावर अन्याय झाला. कुणी म्हणतो, पंचाचे डोळे फुटले होते काय?

मुष्टियुद्धाचेही अगदी असेच आहे. प्रतिस्पर्धी खाली पडला आणि दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही, तर वादच मिटला. पण दोघेही शेवटपर्यंत उभे राहिले, तर रिंगणाबाहेर बसलेल्या तीन माणसांच्या पेन्सिली निकाल ठरवतात. या पेन्सिली चालतात कशा, आणि प्रामाणिक माणसांचेही त्यात एकमत का होत नाही, हे आज आपण एका गाजलेल्या लढतीच्या आधाराने पाहू.

ही लढत झाली ६ एप्रिल १९८७ रोजी, अमेरिकेतील लास व्हेगास येथे. मध्यम वजनाचे विश्वविजेतेपद पणाला लागले होते. विजेता होता मार्विन हॅगलर. १९८० पासून हे पद त्याच्याकडे होते आणि १९७६ नंतर त्याने हार पाहिलेली नव्हती. त्याच्यासमोर उभा होता शुगर रे लिओनार्ड, १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. लिओनार्डच्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झालेली, आणि मागच्या पाच वर्षांत तो एकदाच रिंगणात उतरलेला. पुष्कळ जाणकारांनी त्याला आधीच मोडीत काढले होते. पण हा गडी मोठा धोरणी. त्याने वाटाघाटीतच लढत १५ ऐवजी १२ फेऱ्यांची करून घेतली, आणि पळायला जागा मिळावी म्हणून रिंगणही मोठे मागून घेतले.

बारा फेऱ्या झाल्या. कुणीही पडले नाही. आणि तीन पंचांनी गुणपत्रके दिली ती अशी: एकाने ११५–११३ असा कौल हॅगलरला दिला, दुसऱ्याने ११५–११३ असाच, पण लिओनार्डला, आणि तिसऱ्याने ११८–११० असा लिओनार्डला. दोन विरुद्ध एक. विजेतेपद लिओनार्डकडे गेले. त्या दिवसापासून जो वाद सुरू झाला, तो आजही मिटलेला नाही.

आता हे आकडे उलगडून पाहू. शिक्षक मंडळींना यात गणिताचा एक चांगला धडा सापडेल. प्रत्येक फेरीत जो सरस ठरेल त्याला १० गुण, दुसऱ्याला बहुधा ९. जो खाली पाडला जातो, त्याचा साधारणपणे आणखी एक गुण जातो. या लढतीत कुणी पडलेच नाही. तेव्हा ११५–११३ याचा अर्थ काय? सात फेऱ्या जिंकल्या, त्यांचे ७०, पाच हरल्या, त्यांचे ४५, मिळून ११५. म्हणजे त्या पंचाच्या मते सात फेऱ्या एकाच्या आणि पाच दुसऱ्याच्या. ११८–११० म्हणजे दहा फेऱ्या एकाच्या, दोनच दुसऱ्याच्या.

लोकांचा सारा राग त्या तिसऱ्या पंचावर निघाला. एवढ्या अटीतटीच्या लढतीत दहा फेऱ्या एकाच्या पदरात टाकणे पुष्कळांना पटले नाही, आणि मलाही ते पटत नाही. पण गणित काय सांगते पाहा. तिघांच्या गुणांची बेरीज केली जात नाही. प्रत्येक पंचाचे मत एकच धरले जाते. त्याने ११८–११० च्या ऐवजी ११५–११३ दिले असते, तरी निकाल तोच लागला असता. खरी मेख आहे दुसऱ्या पंचाच्या कागदावर. त्याने लिओनार्डला दिलेल्या सात फेऱ्यांपैकी एकच हॅगलरला दिली असती, तर त्याचा हिशेब ११४–११४ झाला असता. मग एक मत इकडे, एक तिकडे, एक बरोबरीचे; म्हणजे लढत बरोबरीत. आणि बरोबरीत विजेत्याचे पद विजेत्याकडेच राहते. एका माणसाच्या मनातली एका फेरीची, म्हणजे तीन मिनिटांची नोंद. तेवढ्यावर जगाचे अजिंक्यपद फिरले!

तुम्ही म्हणाल, ठोसे मोजा आणि मोकळे व्हा. तेही करून पाहिले गेले. त्या लढतीची मोजदाद अशी आहे: लिओनार्डने ६२९ ठोसे मारले, त्यांपैकी ३०६ लागले, हॅगलरने ७९२ मारले, त्यांपैकी २९१ लागले. बारा फेऱ्यांत फरक अवघा पंधराचा. आणि सगळे ठोसे काही सारखे नसतात. एक नुसता स्पर्श करून जातो, तर दुसरा बरगडी हलवतो. लिओनार्डचे चाहते म्हणतात, 'त्याने जास्त नेमके मारले, आणि मार चुकवला.' हॅगलरचे म्हणतात, 'सारा वेळ चाल करून कोण गेला? जड ठोसा कुणाचा होता? पळणाऱ्याला का कुणी बक्षीस देते?'

दोघांचेही बोलणे वावगे नाही, कारण पंचांना चार गोष्टी पाहायच्या असतात: स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक चढाई, रिंगणावरचा ताबा आणि बचाव. यांत कशाला किती वजन द्यायचे, याचा तराजू ज्याच्या त्याच्या मनात. शिवाय तीन पंच रिंगणाच्या तीन बाजूंना बसतात. एकाला जो ठोसा गालावर बसलेला दिसतो, तोच दुसऱ्याला मल्लाच्या पाठीआड झाकला जातो.

लिओनार्डने आणखी एक युक्ती केली. फेरीची शेवटची काही सेकंदे उरली की तो ठोशांचा पाऊस पाडी. अडीच मिनिटे हॅगलर रेटत असला, तरी घंटा होताना प्रेक्षकांचा गलका लिओनार्डसाठी असे, आणि पंचाची पेन्सिल तर घंटेनंतरच चालते.

हे वाचून पंचांना हसू नका. माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलीने विषय शांतपणे, मुद्देसूद मांडला. तिच्यानंतर एक मुलगा आला. मध्ये तो दोनदा अडखळला, पण शेवटी आवाज असा चढवला की सभागृह टाळ्यांनी दणाणले. मी त्याला तिच्याहून दोन गुण जास्त दिले, आणि पहिले बक्षीस त्याला गेले. घरी जाताना मी मुलीचे मुद्दे आठवू लागलो, तर सगळे आठवले. मुलाचा एकही आठवेना. मी लबाडी केली नव्हती. पण गुण मी भाषणाला दिले की टाळ्यांना, हा प्रश्न अजून मला सोडत नाही.

माणसाची नजर अशी दगा देते म्हणून यंत्रे आणली गेली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा रॉय जोन्स आणि यजमान दक्षिण कोरियाचा पार्क सी-हुन यांच्यात अंतिम लढत झाली. मोजदादीत जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. तरी ३–२ मतांनी सुवर्णपदक पार्कला! जगभर हाकाटी झाली. मग १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये बटणाची पद्धत आली. पाचांपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच गुण. झाले काय? खेळाडू नुसता गुण मिळवणारा हलका ठोसा मारायला शिकले, आणि अंगावरचे जोडठोसे हिशेबात येईनात. २०१२ च्या ऑलिंपिकनंतर ती पद्धत सोडून पुन्हा दहा गुणांचीच धरली गेली.

तरी वाद संपला नाही. २०२१ मध्ये टोकियोत आपली मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाशी लढली. पहिल्या फेरीत पाचांपैकी चार पंच व्हॅलेन्सियाच्या बाजूचे होते. पण दुसरी आणि तिसरी फेरी ३–२ अशी मेरी कोमची. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकून ती हरली कशी? कारण फेऱ्या मोजत नाहीत. प्रत्येक पंच आपल्या तीन फेऱ्यांची बेरीज करतो, आणि अशा तीन बेरजा व्हॅलेन्सियाकडे गेल्या. मेरी कोमला वाटत होते की आपणच जिंकलो.

मग सगळेच निवाडे सारखे मानायचे का? नाही. कधीकधी खरोखर पाप घडते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधल्या काही लढतींत हेराफेरी झाल्याचे २०२१ च्या स्वतंत्र चौकशीत पुढे आले. तिथे बोलायलाच हवे. पण प्रत्येक मतभेदाला लबाडी म्हणू लागलो, तर खरी लबाडी ओळखणार कशी? सात-पाचचा फरक हा नजरेचा फरक असू शकतो. ८६–३२ नंतरचा उलटा निकाल हा नजरेचा फरक नव्हे.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एखाद्या लढतीचे चित्रण आवाज बंद करून मुलांना दाखवा. प्रत्येक फेरीनंतर गुण लिहून घ्या, मागचे बदलू देऊ नका. मग तेच आवाजासह दाखवून पुन्हा गुण मागा. आपण काय पाहिले आणि काय ऐकले, हे मुलांना आपोआप उमगेल. आणि गावच्या कोणत्याही स्पर्धेत कशाला किती गुण ते आधी लिहून ठेवा, मग डोळे उघडा.

हॅगलरला पुन्हा लढत मिळाली नाही. १९८८ मध्ये त्याने हातमोजे कायमचे उतरवले आणि तो इटलीत जाऊन सिनेमात काम करू लागला. २०२१ मध्ये तो वारला; आपणच जिंकलो होतो, हा त्याचा दावा त्याने कधी सोडला नाही.

सोलची गोष्ट मात्र वेगळ्या तऱ्हेने संपली. २०२३ मध्ये पार्क सी-हुन अमेरिकेत रॉय जोन्सच्या घरी गेला आणि ते सुवर्णपदक त्याने जोन्सच्या हाती ठेवले. पस्तीस वर्षे लागली. पंचांचा निवाडा कागदावर तसाच आहे. पण ज्याच्या बाजूने तो लागला होता, त्यानेच आपल्या मनात तो फिरवला.