आधी एकक की आधी दशक?

पनवेलजवळ पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा महामार्ग जिथे वेगळे होतात, त्या पळस्प्याचं नाव संगणकाला सहा आकड्यांत दिसतं. प, ळ, स, पाय मोडण्याचं चिन्ह, पुन्हा प आणि वरची मात्रा. युनिकोडमध्ये प चा आकडा २३४६. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं, म्हणून यूटीएफ-१६ या पद्धतीत तो दोन बाइटांत मोडून ठेवतात : ९ आणि ४२. नऊ वेळा २५६, अधिक ४२. आता आधी ९ ठेवायचा की ४२?

दोन्ही चालतं. घोळ होतो तो लिहिणाऱ्याने एक क्रम धरला आणि वाचणाऱ्याने दुसरा, तेव्हा. मग २३४६ चे १०७६१ होतात आणि दोन्ही प च्या जागी गणितातली मोठी फुली उमटते. ळ चं जपानी लिपीतलं औंसाचं चिन्ह होतं, बाकीच्यांची चिनी अक्षरं. एकही बिट बिघडलेला नसतो, तरी पळस्पे हरवलेलं असतं.

यावर तोड म्हणून फाइलीच्या तोंडाशी ६५२७९ क्रमांकाची खूण ठेवतात. ती उलटी वाचली तर ६५५३४ येते, आणि त्या क्रमांकावर कधीच अक्षर नेमायचं नाही, असं युनिकोडने ठरवून टाकलं आहे. त्यामुळे पहिल्या दोन बाइटांतच क्रम उघड होतो. आज बहुतेक संकेतस्थळं वापरतात त्या यूटीएफ-८ मध्ये बाइटांचा क्रम आधीच पक्का असल्याने मराठी वाचकाला हा गोंधळ सहसा दिसत नाही.

मोठा भाग आधी ठेवण्याला ‘बिग एंडियन’ म्हणतात, लहान आधी ठेवण्याला ‘लिटल एंडियन’. नावं जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’वरून आली. तिथे उकडलेलं अंडं कुठल्या टोकाकडून फोडायचं यावरून युद्ध पेटतं. डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १ एप्रिल १९८० च्या टिपणात ती उचलली, तोवर यंत्रांचे दोन तट पडले होते. आयबीएमचं १९६४ चं सिस्टिम/३६० मोठा भाग आधी ठेवी. इंटेलची १९७८ ची ८०८६ चिप लहान आधी. आजचे बहुतेक संगणक आणि मोबाइल लहान भाग आधी ठेवतात, पण इंटरनेटच्या पाकिटावरचा पत्ता मोठा भाग आधी घेऊन जातो. म्हणून पाठवताना आकडे फिरवायचे आणि घेताना पुन्हा फिरवायचे, हे काम अखंड चालू असतं.

मराठी माणसाला खरं तर हा प्रश्न परका नाही. १२५ लिहिताना शतक, दशक, एकक असा क्रम. म्हणताना मात्र ‘एकशे पंचवीस’, म्हणजे शतकानंतर एकक आणि मग दशक. १९७० च्या पीडीपी-११ संगणकावर ३२ बिटांची संख्या अशीच ठेवली जाई : मोठा अर्धा भाग आधी, पण प्रत्येक अर्ध्याच्या आत लहान बाइट पुढे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा वाद विधानसभेपर्यंत पोहोचला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या वाचनाची बाजू मांडली. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं अडखळतात, हा त्यामागचा विचार. त्या वेळी टिंगलच जास्त झाली. प्रश्न मात्र अस्सल होता, आणि कानडी, तेलुगू मुलांना तो पडतच नाही, कारण तिथे दशक आधी म्हणतात.

पळस्प्याच्या एका अंगाला तळोजा, दुसऱ्या अंगाला पाताळगंगा. अशा औद्योगिक वसाहतींत विजेचे मीटर आणि नियंत्रण यंत्रं एकमेकांशी बऱ्याचदा मॉडबस या पद्धतीने बोलतात. मोडिकॉन कंपनीने ती १९७९ मध्ये आणली. तारेवरून जाताना प्रत्येक बाइटमधला सर्वांत लहान बिट आधी निघतो. आकडा ठेवायच्या १६ बिटांच्या खणात, म्हणजे रजिस्टरमध्ये, मात्र मोठा बाइट आधी. आणि निरोप शाबूत पोहोचला का, हे तपासणारे शेवटचे दोन बाइट पुन्हा लहान आधी! एकाच निरोपात तीन रिवाज.

त्याहून मोठी पंचाईत दशांश आकड्यांची. ते दोन रजिस्टरांत बसवावे लागतात आणि त्यांतलं कुठलं आधी, हे मॉडबसने सांगितलेलंच नाही. प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. २३० व्होल्ट हा आकडा चार बाइटांत ६७, १०२, ०, ० असा बसतो. दोन रजिस्टरांची अदलाबदल झाली की तो ०, ०, ६७, १०२ होतो आणि त्याचं मूल्य दशांशचिन्हापुढे चाळीस शून्यं टाकून २४ लिहावं एवढं उरतं. पडद्यावर ० व्होल्ट, तारेत पूर्ण दाब. पडद्याच्या भरवशावर पॅनेल उघडणाऱ्याच्या जिवाशी हा खेळ आहे. क्रम मॅन्युअलमध्ये ठळक छापायलाच हवा, तो गाळणं हा निव्वळ निष्काळजीपणा.

छापलेला नसेल तर चालू मीटरच्या तोंडावरचा आकडा पाहून, रजिस्टरांची आणि त्यांतल्या बाइटांची अदलाबदल धरून होणारे चारही क्रम लावून बघायचे आणि जुळेल तो पक्का करायचा. ही चाचणी मीटर शून्य दाखवत असताना घेऊन उपयोग नाही. शून्य चारही क्रमांनी शून्यच दिसतो.