मुरघास मेंढीला चालतो का?

मुरघास म्हटले की दुधाची गाय आणि मक्याचे रान आठवते. मेंढी कुणाला आठवत नाही. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ माण, खटाव, जत, आटपाडी, सांगोला, पारनेर अशा कमी पावसाच्या तालुक्यांत. २०१७ साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत मेंढ्यांच्या जोडीला मुरघासाच्या गासड्या बांधणाऱ्या यंत्रासाठीही ५० टक्के अनुदान ठेवले गेले. म्हणजे सरकारदरबारी मेंढी आणि मुरघास यांची सोयरीक जुळून काही वर्षे झाली. मेंढपाळांच्या वाड्यावर मात्र अजून शंका फार आहेत. काही खऱ्या, काही खोट्या.

‘आंबलेला चारा म्हणजे नासलेला चारा.’ नासणे आणि आंबणे यांत हवेचा फरक आहे. कुट्टी दाबून हवा काढली आणि वरून ताडपत्रीने बंद केली की दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद चाऱ्यातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. सामू ४ च्या आसपास उतरतो आणि सडवणाऱ्या जिवाणूंना तिथे थारा राहत नाही. चांगला मुरघास पिवळसर हिरवा दिसतो आणि आंबूस-गोड वास देतो. काळा, बुळबुळीत, कुबट वासाचा असेल तर तो नासलेलाच, आणि तो उकिरड्यावर टाकावा. ‘थोडा खराब आहे, मेंढ्यांना घालू’ हा विचार गाईच्या गोठ्यातून आलेला आहे आणि तो सर्वांत घातक.

कारण सांगतो. माती मिसळलेल्या, नीट न दाबलेल्या मुरघासात लिस्टेरिया नावाचा जिवाणू वाढतो, आणि त्याला मेंढी गाईपेक्षा जास्त बळी पडते. गाभण मेंढ्या गाभडतात. मेंदूला संसर्ग झाला की मेंढी एका बाजूला गोल फिरते, कान लोंबतो, तोंडातून लाळ गळते. वाड्यावर कुत्री असतात, त्यामुळे गोल फिरणारी मेंढी दिसली की कुत्र्याच्या पट्टकृमीने डोक्यात झालेल्या पाण्याच्या फोडाची आठवण होते. तो आजारही खरा, पण तो आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढतो. लिस्टेरिया मात्र लक्षणे दिसू लागल्यावर काही दिवसांत मेंढी नेतो, आणि लवकर औषध मिळाले तरच आशा असते. अशा वेळी मुरघास घालणे थांबवावे आणि डॉक्टरांना चाऱ्याबद्दल आपण होऊन सांगावे.

‘मुरघास मक्याचाच होतो.’ मक्यात साखर भरपूर, म्हणून तो सहज आंबतो, इतकेच. पण तुरा आणि कणसाच्या वेळी पाणी तुटले की मका हातचा जातो. ज्वारी ताण पडला की पाने गुंडाळून थांबते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. तिच्या रसाळ ताटात आंबण्यापुरती साखरही असते. बाजरी तर हलक्या रानाचीच. दोन्हींचा मुरघास चांगला होतो, फक्त वेळ साधावी लागते. दाणा चिकातून थोडा पुढे गेला, चाऱ्यात कोरडा भाग ३० ते ३५ टक्के आला, की कापणी. मुठीत कुट्टी आवळून सोडली की गोळा सावकाश सुटला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. मेंढीसाठी कुट्टी बारीक, दीड-दोन सेंटिमीटरची करावी. लांब तुकडे ती निवडून बाजूला सारते.

पण एक गोष्ट कृषी मेळाव्यात सांगत नाहीत. रब्बीची मालदांडी कुणी खड्ड्यात पुरणार नाही. ती भाकरीची आणि कडब्याची ज्वारी. तिच्यावर घर चालते. मुरघास करायचा तो खरिपातल्या चाऱ्याच्या ज्वारी-बाजरीचा, किंवा पावसाने ओढ दिल्यामुळे दाणा भरणारच नाही अशा उभ्या पिकाचा. दुसरा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. करपू लागलेल्या रानाकडे बघत बसण्यापेक्षा पात हिरवी आहे तोवर ते कापले, तर नुकसानीतला काही भाग तरी उन्हाळ्यात खाता येतो.

‘करपलेली ज्वारी विषारी, तिचा मुरघासही विषारी.’ अर्धे खरे. कोवळ्या किंवा ताण बसलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि जनावरांना किराळ लागते. कुट्टी करताना, आंबताना आणि मुरघास बाहेर काढताना त्यातले बरेचसे निघून जाते. नायट्रेटची गोष्ट वेगळी. ते आंबवण्याने साधारण निम्म्यावर येते, नाहीसे होत नाही. ते ताटाच्या बुडख्यात साठते, म्हणून अशी ज्वारी जमिनीपासून वीतभर उंच कापावी, आणि दुष्काळानंतर पहिला पाऊस झाला की लगेच विळा न घालता आठवडाभर थांबावे. बाजरीत किराळीचे विष नसते, पण नायट्रेट साठू शकते.

‘निवडुंगाचा मुरघास हा दुष्काळावरचा उपाय.’ बिनकाट्याच्या निवडुंगाचे सध्या बरेच नाव होते आहे. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने, झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेने त्यावर काम केले आहे; ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात आणि ट्युनिशियात तर तो जनावरांचा नेहमीचा चारा आहे. हे झाड रात्री पर्णरंध्रे उघडते, म्हणून थोड्या पाण्यात जगते. पण त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. एक किलो कोरडा चारा पोटात जायला मेंढीने दहा किलो निवडुंग खायला हवा. नुसता दिला तर ती हगवणीने हैराण होते. नुसत्याचा मुरघास केला तर खड्ड्यात चिखल होतो. तीन भाग निवडुंगाला वजनाने एक भाग कडब्याची कुट्टी किंवा बाजरीचे सरमाड मिसळले, तरच ओलावा जमतो. खरे तर त्याचा मुरघास करायची गरजही थोडीच आहे. निवडुंग बांधावर वर्षभर हिरवा उभा राहतो. लागेल तेवढा कापून कडब्याबरोबर द्यावा. उन्हाळ्यात मेंढीची पाण्याची गरज त्याने खूप भागते, हा त्याचा खरा फायदा.

‘मुरघास असला की पेंड नको.’ कडब्यात प्रथिने तीन-चार टक्के, ज्वारीच्या मुरघासात सहा ते आठ. मेंढीला नुसते जगायलाच आठ टक्के लागतात. गाभणपणाचे शेवटचे दीड महिने आणि कोकरू पीत असताना त्याहून अधिक लागतात, कारण पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ त्या दीड महिन्यातच होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ असेल, तर हिशेब आणखी कडक. तेव्हा थोडी सरकी किंवा शेंगदाणा पेंड, नाहीतर शेवरीचा पाला हवाच. सुबाभूळ जपून. ती जास्त झाली तर मेंढीची लोकर गळते.

आता हिशेब. तीस किलोच्या मेंढीला दिवसाला सुमारे एक किलो कोरडा चारा लागतो. त्यातला निम्मा मुरघासातून द्यायचा तर दीड-पावणेदोन किलो मुरघास. शंभर मेंढ्यांना तीन महिने म्हणजे १५ टन. त्यासाठी सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा पुरतो. पण दिवाळीनंतर कोकणात किंवा कृष्णा-भीमेच्या काठाला उतरणाऱ्या वाड्याला घरामागचा खड्डा काय कामाचा? त्यांची मेंढपाळी चराईवर उभी आहे, आणि मुरघासाच्या नावाखाली चराईची राने बंद करण्याची भाषा कुणी केली तर ती हाणून पाडली पाहिजे. मुरघास कामाचा आहे तो गावी मागे राहिलेल्या गाभण मेंढ्यांना, कोकरांना, म्हाताऱ्या जित्राबांना आणि बंदिस्त पालन करणाऱ्यांना.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी यंदा खड्डा काढू नये. पन्नास किलोच्या दोन-चार जाड प्लास्टिकच्या पिशव्या भराव्यात, उंदीर लागणार नाहीत अशा ठेवाव्यात आणि दीड महिन्याने उघडाव्यात. उघडलेली पिशवी दोन दिवसांत संपवावी. सुरुवात मेंढीमागे पावशेरापासून करून आठ-दहा दिवसांत वाढवावे. आणि चारा बदलण्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घेतली आहे ना, तेवढे मात्र तपासा.